दुचाकींची राखण : पंचवीस वर्षांचा हिशेब

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला तो सोसायटीच्या आर्थिक वाटचालीवर. नऊ वर्षे खजिनदार होतो, म्हणून. त्या निमित्ताने इतिवृत्ताच्या जुन्या वह्या घरी आणल्या आणि दोन रविवार चाळत बसलो. गच्चीची गळती सोडली, तर पंचवीस वर्षांत सर्वांत जास्त शाई खर्च झाली आहे ती दुचाकींवर. त्या कुठे उभ्या करायच्या, त्यांच्यावर लक्ष कोणी ठेवायचे, आणि गेली तर जबाबदार कोण. मेंटेनन्सच्या आकड्यांचा लेख कोणी वाचत नाही हे मला बँकेतल्या ताळेबंदांच्या अनुभवावरून ठाऊक आहे. तेव्हा समितीची माफी मागून हाच विषय घेतो. त्याला आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

२००० सालापासून आजपर्यंत आपल्या सभासदांच्या पाच दुचाकी चोरीला गेल्या. दोन सापडल्या, तीन सापडल्या नाहीत. पाचही गाड्या फाटकाबाहेरून गेल्या. आतून एकही नाही. हे वाक्य मी वह्या तीनदा तपासून लिहीत आहे.

नव्या पिढीसाठी थोडे मागचे सांगतो. आज मुलगा नोकरीला लागला की महिन्याभरात मोटरसायकल दारात येते. आमच्या वेळी गाडी नोंदवावी लागे. मी १९७६ साली, बँकेत लागून तीन वर्षे झाल्यावर, बजाजची चेतक नोंदवली आणि ती हातात आली १९८३ साली. सात वर्षे ही तेव्हा काही विशेष गोष्ट नव्हती. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, पण आमच्या घरात परदेशी गेलेले कोणी नव्हते. नंबर लागलेला माणूस आपली गाडी वर चार पैसे घेऊन दुसऱ्याला विकत असे आणि त्यात कोणाला गैर वाटत नसे. अशी मिळालेली वस्तू माणूस रस्त्यावर टाकून देत नाही. पार्ल्याच्या चाळीत मी ती रोज रात्री फळी लावून दोन पायऱ्या चढवायचो आणि जिन्याच्या लाकडी खांबाला साखळीने बांधायचो. शेजारचे आजोबा म्हणायचे, "म्हशीला दावं लावलंस का रे?"

तेव्हा अख्खी स्कूटर जाण्यापेक्षा स्टेपनी जाण्याची भीती जास्त. सकाळी उठून पाहावे तर मागचे जादा चाक गायब. कधी टाकीतले पेट्रोल नळी घालून काढलेले. गाडीच दुर्मिळ असल्यामुळे कोणाची कोणती हे सगळ्या गल्लीला पाठ होते. चोरलेली चेतक दुसऱ्या गल्लीत दोन दिवस उभी राहिली असती तर चौकशी झाली असती.

चित्र बदलले ते १९८५च्या आसपास. जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलक्या मोटरसायकली आल्या: हिरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १००. बुलेट उचलायला चार माणसे लागत. शंभर किलोच्या आसपासची आरएक्स दोघे जण टेम्पोत चढवत. शिवाय तिचे सुटे भाग आणि इंजिन यांना कायम गिऱ्हाईक. १९९६ साली तिचे उत्पादन बंद झाले, मागणी मात्र बंद झाली नाही, उलट वाढली. जुनी गाडी कोण चोरणार, असे म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. आपली दुसरी चोरी (२००४) अशाच एका आरएक्सची होती.

१२ मार्च १९९३ नंतर तर उभ्या दुचाकीकडे बघण्याची नजरच बदलली. त्या दिवसाच्या बॉम्बस्फोटांत स्कूटरही वापरल्या होत्या, आणि नायगावला स्फोटकांनी भरलेली एक स्कूटर न फुटता सापडली होती. पुढे कित्येक दिवस आमच्या चाळीसमोर अनोळखी स्कूटर दिसली की लोक लांबून बघत उभे राहत. चोरीची गाडी म्हणजे फक्त मालकाचे नुकसान नव्हे, ती पुढे कशासाठी वापरली जाईल सांगता येत नाही, हे मुंबईकराला तेव्हा कळले. साखळी खेचणारे चोर चोरीच्याच मोटरसायकलवरून येतात हे तर आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो.

आता आपल्याकडे येतो. जुहूला राहतो म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे नटनट्यांचे बंगले उभे राहतात. आपण राहायला आलो तेव्हा अठ्ठावीस घरांत बँकवाले, आयुर्विमावाले, महापालिकेच्या शाळेतले शिक्षक, दोन डॉक्टर आणि बाकी छोटे व्यावसायिक होते. जुन्या जुहू विमानतळामुळे (१९२८ सालचा हा, १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले) उंचीची बंधने, म्हणून इमारत सातव्या मजल्यावर थांबली. खाली खांबांमध्ये चौदा मोटारींची जागा. २००० साली मोटारी होत्या नऊ आणि दुचाकी सतरा. म्हणजे सतरा दुचाकींपैकी निम्म्या तरी सहज आत मावल्या असत्या.

त्या मावल्या नाहीत, कारण २००१च्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला: "खांबांखालील जागा फक्त चारचाकी वाहनांसाठी राखीव राहील. दुचाकी वाहने फाटकाबाहेर, मालकांच्या स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत." कारण असे की दुचाकीच्या हँडलने मोटारींना ओरखडे पडतात. एका मोटारीला खरेच पडला होता. मी मोटारवाला नव्हतो, तरी हात वर केला. नवे घर, नवी माणसे, पहिल्याच वर्षी भांडण कशाला, असा विचार केला.

पहिली चोरी २००२ साली, हिरो होंडा स्प्लेंडर. मालकाने हँडल लॉक लावले होते. हँडल लॉक म्हणजे आतला बोटाएवढा खिळा. हँडलला जोरात हिसका दिला की तो तुटतो, हे आम्हाला त्या दिवशी पोलिसांकडून कळले. गाडीचा पूर्ण विमा होता. पण पैसे मिळायला लागले अकरा महिने. त्यातली मेख अशी की विमा कंपनीला नुसती प्रथम खबर चालत नाही. गुन्हा खरा पण तपास लागला नाही, असा पोलिसांचा अंतिम अहवाल कोर्टातून यावा लागतो. त्याला आपल्याकडे "अ समरी" म्हणतात. शिवाय गाडीच्या दोन्ही किल्ल्या जमा कराव्या लागतात. यांची दुसरी किल्ली घर बदलताना हरवली होती. नुसत्या त्या किल्लीवरून दोन महिने पत्रव्यवहार चालला. पत्रे मी लिहिली, म्हणून आठवते.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. इर्ल्याचा नाला रस्त्यावर आला. फाटकाबाहेरच्या दुचाकी अंधारात दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर मोजल्या तर दोन कमी. चोरी म्हणून लिहायला बसलो, तोवर पोरांनी त्या शोधून काढल्या. एक कोपऱ्यावरच्या दुकानाच्या ओट्याला आडवी टेकलेली, दुसरी तिच्याच खाली. पुरातही जागच्या जागी राहिलेली एकच मोटरसायकल होती, चौथ्या मजल्यावरच्या मास्तरांची. ते ती रोज विजेच्या खांबाला साखळीने बांधायचे आणि आम्ही त्यांना हसायचो.

आता २००७. हा भाग लिहायचा की नाही यावर घरात चर्चा झाली. सौ. म्हणाली, स्मरणिकेत असले कशाला. मी लिहितो.

सप्टेंबर महिन्यात सहाव्या मजल्यावरच्या मुलाची पल्सर गेली. सहा महिन्यांची गाडी, पहिल्या पगारातून हप्ते चाललेले. रात्रपाळीचा वॉचमन चिपळूणकडचा होता, दोन वर्षे आपल्याकडे होता. आदल्या आठवड्यात तो रात्री एका मोटरसायकलवाल्याशी बोलत उभा होता, असे कोणीतरी पाहिले होते. तेवढ्यावर कुजबुज सुरू झाली. कमिटीची तातडीची बैठक झाली आणि "कर्तव्यात कसूर" म्हणून त्याला काढावे असे एजन्सीला पत्र गेले. पत्रावर सचिवांची आणि माझी सही आहे. एजन्सीने दुसऱ्या दिवशी माणूस बदलला.

तो माझ्या दाराशी आला. आत बोलावले तरी आला नाही, चपला काढून बाहेरच उभा राहिला. म्हणाला, "साहेब, गाडी फाटकाच्या बाहेर होती. माझी ड्युटी आत आहे. मी फाटक सोडून बाहेर गेलो असतो तर तुम्हीच मला बोलला असता." मी म्हटले, बघतो. पाहिले काहीच नाही.

चार महिन्यांनी गाडी दुसऱ्या उपनगरात सापडली. पकडलेल्या पोराकडे जुन्या, झिजलेल्या किल्ल्यांचा जुडगा होता. झिजलेली किल्ली त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीला लागून जाते. पोलिसांनी मालकाला सांगितले की चोर एकटाच होता आणि तो फाटकापर्यंत आलासुद्धा नव्हता. रस्त्याच्या कडेला रांगेत उभ्या गाड्यांना एकेक किल्ली लावत आला, तिसरी लागली. मोटरसायकलवर बोलत उभा असलेला माणूस म्हणजे वॉचमनचा चुलतभाऊ, गावाहून निरोप घेऊन आला होता, हेही मग कळले. मी एजन्सीकडे गेलो. ते म्हणाले, तो नोकरी सोडून गावी गेला, पत्ता नाही. मी दुसऱ्यांदा गेलो नाही.

आता या वह्या वाचताना जे दिसले ते सांगतो. २००१चा ठराव आणि २००७चा ठराव वेगवेगळ्या वह्यांत असल्यामुळे कोणी एकत्र वाचले नव्हते. एकात आपण म्हणतो, बाहेरच्या दुचाकी मालकाच्या जबाबदारीवर. दुसऱ्यात म्हणतो, बाहेरची दुचाकी गेली म्हणून वॉचमन जबाबदार. बँकेत एकाच व्यवहाराच्या अशा दोन उलट नोंदी कोणी केल्या असत्या तर मी मेमो दिला असता. इथे दोन्ही ठिकाणी मी होतो, एकदा हात वर करून आणि एकदा सही करून.

२००८ची सर्वसाधारण सभा साडेचार तास चालली. पल्सरवाल्या मुलाच्या आईने साधा प्रश्न विचारला: ज्यांच्या गाड्या सहा लाखांच्या त्यांना छप्पर, फाटक आणि वॉचमन, आणि ज्यांची गाडी साठ हजारांची त्यांनी रस्ता सांभाळायचा, हे कोणी ठरवले? सभेत शांतता पसरली, मग गोंधळ. तोपर्यंत मोटारी झाल्या होत्या सोळा, म्हणजे जागेपेक्षा दोन जास्त, आणि दुचाकी बावीस. एका सभासदाचे म्हणणे, माझी जागा मी बिल्डरकडून पैसे देऊन घेतली, ती सोडणार नाही. (दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१०मध्ये, दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की खांबांखालची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. त्याची बातमी मी कात्री लावून फलकावर चिकटवली होती. थोडा आगाऊपणा झाला.) अखेर दोन मोटारींच्या जागा दुचाकींना द्याव्यात, असा ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. घरटी एक दुचाकी आत.

स्टँड झाले २००९मध्ये. पहिली कल्पना होती खांबांना लोखंडी कड्या ठोकायची. पाचव्या मजल्यावरच्या इंजिनिअर साहेबांनी हात जोडले. आरसीसी खांबाला भोके पाडू नका, समुद्राची हवा आत जाऊन सळ्या गंजतील. म्हणून जमिनीत काँक्रीटचे चार ठोकळे करून त्यांत जाड जस्ताचा पाइप आडवा बसवला, गुडघ्याच्या उंचीवर. पाइपमधून साखळी ओवायची आणि गाडीला बांधायची. एकूण खर्च ६,४०० रुपये. वह्यांतल्या सगळ्या खर्चांत मला हा सर्वांत वसूल झालेला खर्च वाटतो.

साखळी कशी बांधावी हे आम्ही हळूहळू शिकलो, त्याचे श्रेय मास्तरांना. नुसत्या पुढच्या चाकातून साखळी घातली तर चोर चाक सोडून गाडी नेतो. ती सांगाड्यातून गेली पाहिजे. साखळी जमिनीवर लोळता कामा नये, कारण जमिनीवर टेकलेल्या कडीवर हातोडा घालणे सोपे असते. ती ताणून, वर ठेवावी. कुत्र्याच्या साखळीचा उपयोग नाही, कडी निदान आठ मिलिमीटर जाडीची हवी. हार्डवेअरच्या दुकानात साखळी वजनावर मिळते. तेव्हा साखळी आणि बऱ्यापैकी कुलूप मिळून साडेतीनशेच्या आत भागले. रंगाला चरे पडू नयेत म्हणून साखळीवर सायकलची जुनी ट्यूब चढवायची, ती पंक्चरवाला फुकट देतो.

कुलपाबद्दल दोन शब्द. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागच्या एका शेडमध्ये कुलपे बनवायला सुरुवात केली, तेव्हा मुंबईकराला कुलूप कळायला हवे. पण जुहूच्या खाऱ्या हवेपुढे चांगले कुलूपही दोन पावसाळ्यांत अडते. आमच्याकडे एकाचे कुलूप असे अडले की शेवटी मालकानेच करवत लावली आणि वॉचमन शिट्टी फुंकत धावत आला. उपाय सोपा आहे. किल्लीच्या भोकावर ट्यूबच्या रबराची पट्टी, आणि महिन्यातून एकदा शिसपेन्सिलीची पूड. तेल घालू नये, त्याला धूळ चिकटते.

बाकी युक्त्या ज्याच्या त्याच्या. गाडीवर जुनी चादर टाकली तरी फरक पडतो. आत कोणती गाडी आहे ते बघायला चोराला थांबावे लागते. गॅरेजवाला सीटखाली लपवलेला चोरस्विच बसवून देतो. तो बंद असला की किक मारून पाय दुखतो पण गाडी सुरू होत नाही. यात धोका एकच, मालक स्वतः विसरतो. तिसऱ्या मजल्यावरच्या चिरंजीवांनी एकदा मेकॅनिकला बोलावून दोनशे रुपये दिले आणि त्याने फक्त स्विच दाबला. पूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करून ठेवायचो, म्हणजे चोर फार तर पुढच्या वळणापर्यंत जाई. एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी तो कॉकच राहिलेला नाही. चाकाच्या डिस्कला लावायचे छोटे कुलूप चांगले, पण सकाळी घाईत ते न काढता गाडी पुढे ढकलली की माणूस गाडीसकट आडवा होतो. कुलपापासून हँडलपर्यंत रंगीत दोरी बांधून ठेवावी.

माझा स्वतःचा हातभार म्हणजे रजिस्टर. बँकेत वाहनकर्ज देताना आम्ही चेसिस नंबरचा पेन्सिल ट्रेस घेत असू. नंबर कोरलेल्या जागी कागद धरायचा आणि वरून शिसपेन्सिल घासायची, अंक जसेच्या तसे उमटतात. लिहून घेतलेला नंबर चुकू शकतो, ट्रेस चुकत नाही. २००९मध्ये मी गुडघ्यांवर बसून बावीस गाड्यांचे ट्रेस घेतले. बायकामुले गॅलरीतून बघत होती. त्याचा उपयोग २०१३मध्ये झाला. घरटी एकच दुचाकी आत, म्हणून दुसऱ्या मजल्यावरची दुसरी गाडी बाहेर असे. ती गेली. पाच महिन्यांनी पोलिसांना नंबरप्लेट बदललेल्या काही गाड्या एकत्र मिळाल्या. मालकाचे कागद पावसात भिजून गेले होते. रजिस्टर घेऊन आम्ही दोघे गेलो, हवालदारांनी ट्रेसचा कागद चेसिसशेजारी धरला आणि जुळवून पाहिला. बाकीची कोर्टाची कामे झाली आणि गाडी परत आली, आरसे सोडून.

कॅमेरे आपण २०१२मध्ये बसवले. त्यांवर खर्च झाला स्टँडच्या दहापट. २०१३च्या चोरीचे चित्रण सगळ्यांनी कार्यालयात गर्दी करून पाहिले. हेल्मेट घातलेला माणूस येतो, बसतो, जातो. नंबरच्या जागी दिव्याची तिरीप. कॅमेरे नसावेत असे नाही, पण एका सभासदाने कॅमेरे आले म्हणून साखळी सोडून दिली होती, त्यांच्यासाठी हे लिहिले.

पाचवी चोरी २०२१ची, आणि ती मला अजून डाचते. इमारतीच्या रंगकामासाठी परांच्या बांधल्या, म्हणून दोन महिने दुचाकी बाहेर काढल्या. कमिटीच्या नोटिशीत पुन्हा तेच वाक्य, "स्वतःच्या जबाबदारीवर." मी तेव्हा कमिटीत नव्हतो, पण नोटीस वाचून गप्प बसलो. तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबातल्या मुलाची गाडी गेली. तो त्या गाडीवरून औषधे पोहोचवायचे काम करत होता, टाळेबंदीत घर त्यावर चालले होते. तो म्हणाला, काका, विमा आहे, पाच वर्षांचा. मी कागद पाहिला आणि माझ्याने बोलवेना. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा सक्तीचा झाला आहे, पण तो फक्त त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर. स्वतःच्या गाडीची चोरी त्यात येत नाही. तो भाग त्याच्या पॉलिसीत फक्त पहिल्या वर्षाचा होता आणि नूतनीकरण झाले नव्हते. गाडी गेली, काम गेले, आणि कर्जाचे नऊ हप्ते राहिले. गाडी चोरीला गेली तरी कर्ज चालूच राहते. ही गोष्ट मी नोकरीत असताना काउंटरच्या आतल्या बाजूने शेकडो लोकांना सांगितली आहे. बाहेरच्या बाजूने ती कशी ऐकू येते ते त्या दिवशी कळले. सभासदांनी वर्गणी काढली, तीन हप्ते निघाले. ते कुटुंब पुढच्या वर्षी जागा सोडून गेले.

तेव्हा घरी गेल्यावर प्रत्येकाने पॉलिसीचा कागद काढून बघावा. त्यावर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीची तारीख वेगळी लिहिलेली असते. ती संपली असेल तर त्याच आठवड्यात भरावी. रक्कम साखळी-कुलपापेक्षा थोडी जास्त जाते, पण फार नाही. आणि गाडी गेल्याचे कळताच आधी पोलीस ठाणे, मग त्याच दिवशी विमा कंपनी. चार दिवस मित्रमंडळींत शोधत बसू नये. जुन्या दंड संहितेचे कलम ३७९ जाऊन १ जुलै २०२४पासून न्याय संहितेचे ३०३ आले, एवढाच कायद्यात बदल. अ समरी, दोन किल्ल्या आणि हेलपाटे तसेच आहेत.

जुन्या गाड्यांना नव्या नंबरप्लेट लावायची मुदत २०२५ साली पुन्हा पुन्हा वाढली, तुम्हाला माहीतच आहे. दुचाकीला ४५० रुपये अधिक कर. त्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो, आणि ती एकदाच बसणाऱ्या खिळ्यांनी बसवतात. काढायची तर तोडावीच लागते. नावापुरती नवी प्लेट रंगवून घेण्याचा जुना धंदा त्यामुळे अवघड होईल, असे दिसते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने मात्र प्लेटवर न जाता चेसिस नंबर स्वतः वाकून वाचावा.

रंगकामानंतर दोन ठराव झाले ते नोंदवतो, कारण नवीन सभासद त्यांबद्दल विचारतात. एक, "स्वतःच्या जबाबदारीवर" हे शब्द दुचाकींच्या नोटिशीतून काढले. पुढच्या वेळी काम निघाले तर दुचाकींसाठी बाहेर तात्पुरता पाइप आणि रात्रीचा जादा माणूस यांचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकातच धरायचा. दोन, सामान पोहोचवायला येणाऱ्या मुलांच्या गाड्या दहा मिनिटांसाठी फाटकाच्या आत डावीकडे घ्यायच्या. आधी आपण त्यांना बाहेर थांबवत होतो. ती मुले घाईत, किल्ली गाडीलाच लटकलेली ठेवून लिफ्टकडे धावतात. शेजारच्या गल्लीत अशी एक गाडी दिवसाढवळ्या गेली. या ठरावाला विरोध झाला, तेलाचे डाग पडतात म्हणून. मला २००१ची सभा आठवली. या वेळी मी हात वर करण्याआधी उभा राहून बोललो.

रजिस्टर आता कार्यालयाच्या कपाटात असते, किल्ली सचिवांकडे. आज त्यात एकतीस चालू नोंदी आहेत, त्यांतल्या तीन विजेवरच्या स्कूटरच्या. ज्यांनी नवी गाडी घेतली आहे त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी दहानंतर मला हाक मारावी. फक्त आता मला खाली बसवत नाही, कागद धरायला कोणीतरी लागेल. शेवटची नोंद आपल्या रात्रपाळीच्या वॉचमनच्या जुन्या स्प्लेंडरची आहे. मागच्या वर्षीच्या ठरावाने तिला स्टँडच्या कोपऱ्यातली जागा मिळाली. तिचा चेसिस नंबर गंजला असल्यामुळे ट्रेसमधला एक आकडा पुसट आला आहे. पाऊस संपला की जागा घासून पुन्हा काढू, असे त्याला सांगितले आहे.